धर्मांतराचे ‘वैयक्तिक’ कारण : बाबासाहेबांच्या एका प्रस्तावनेच्या निमित्ताने

धर्म बदलणाऱ्या माणसास समाज एकच प्रश्न विचारतो : का बदललास? ज्या धर्मात जन्म झाला त्यात राहण्याचे कारण कोणी कोणास विचारीत नाही. तो सोडण्याचे कारण मात्र सर्वांस हवे असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून हा प्रश्न आम्हां बौद्धांना सतत विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असते. कोणी म्हणतो, ती राजकीय कृती होती. कोणी म्हणतो, तो सामाजिक निषेध होता. कोणी म्हणतो, नेता गेला म्हणून समुदाय मागोमाग गेला. या तिन्ही उत्तरांचा मथितार्थ एकच आहे. येथे व्यक्तीच्या अंतःकरणात काही घडलेच नाही, म्हणून हे खरे धर्मांतर नव्हे, असे त्यांस सुचवावयाचे असते.

या आक्षेपामागे धर्मांतराची एक विशिष्ट कल्पना आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धर्माचा विचार प्रामुख्याने व्यक्तीच्या एकांतातील अनुभवाच्या अंगाने केला आणि धर्मांतराकडे दुभंगलेल्या मनाचे एकसंध होणे म्हणून पाहिले. ही कल्पना ख्रिस्ती साधकांच्या आत्मनिवेदनांवरून प्रामुख्याने बेतलेली आहे. तिच्यात अंतरीची तळमळ आहे, अश्रू आहेत, एकाएकी पडलेला प्रकाश आहे. जेथे हे दिसत नाही तेथे धर्मांतरही नाही, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो. हा निकष आमच्या धम्मक्रांतीस लावणे कितपत योग्य आहे, आणि मुळात ‘वैयक्तिक कारण’ म्हणजे काय, याचा विचार आम्ही येथे काही ग्रंथांच्या आधारे करू इच्छितो.

पूर्वीची निवेदने

मराठीत धर्मांतराच्या आत्मकथनांची परंपरा जुनी आहे. १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला प्रवास सांगितला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, १९०२ साली सिंहलद्वीपात त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि १९२४ साली ‘निवेदन’ प्रसिद्ध केले. ही तिन्ही पुस्तके ‘वैयक्तिक’ म्हणून वाचली जातात आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आज कोणी फारशी शंका घेत नाही.

परंतु रमाबाईंची साक्ष नीट वाचली तर काय आढळते? संस्कृत शास्त्रांचा अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानात आले की, अनेक बाबतींत परस्परविरुद्ध बोलणारे हे ग्रंथ स्त्रियांना आणि शूद्रांना हीन लेखण्याच्या बाबतीत मात्र एकमताचे आहेत. स्त्री म्हणून आपणांस येथे मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही, हे त्यांच्या मनास लागले. पुढे इंग्लंडमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन त्या धर्माकडे ओढले गेले. हे कारण वैयक्तिक म्हणावे की सामाजिक? एका विदुषीच्या अंतःकरणास जे बोचले ते तिच्या एकटीचे दुःख नव्हते. तरीही ती बोच तिची स्वतःचीच होती. महात्मा जोतीराव फुले यांनी हे नेमके ओळखले. म्हणूनच सनातनी मंडळी रमाबाईंवर तुटून पडली असता १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांनी तिची बाजू घेतली.

तात्पर्य, वैयक्तिक आणि सामाजिक अशा दोन कप्प्यांत धर्मांतराची कारणे वाटून टाकण्याची रीत उच्चवर्णीय स्त्रीच्या बाबतीतही टिकत नाही. मग जो माणूस जन्मतःच समाजाने ठरवलेल्या जागी उभा केला गेला, त्याच्या बाबतीत ती कशी टिकावी?

प्रस्तावनेचे वाचन

आता आम्ही मुख्य ग्रंथाकडे वळतो. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथासाठी त्यांनी लिहिलेली एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तिच्या एका पाठावर ६ एप्रिल १९५६ ही तारीख आहे. भगवान दास यांनी १९८० साली बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांच्या संग्रहात ती प्रकाशात आणली. म्हणजे धम्मदीक्षेनंतरच्या जवळजवळ पाव शतकात, जेव्हा ‘बाबासाहेब बौद्ध का झाले’ यावर सर्वाधिक वाद झाला, तेव्हा त्यांचे स्वतःचे उत्तर बहुसंख्य वाचकांपासून दूरच होते. आमच्या मते धम्मचळवळीच्या वाङ्मयीन इतिहासातील ही मोठी हानी आहे.

प्रस्तावनेच्या आरंभी बाबासाहेब म्हणतात की, आपणांस दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : एवढे उच्च शिक्षण कसे घेतले, आणि बौद्ध धम्माकडे ओढा का? पहिल्या प्रश्नाची ही जागा नव्हे असे सांगून ते दुसऱ्याचे उत्तर देतात, आणि ते दोन भागांत देतात. पहिला भाग सरळ आहे. पस्तीस वर्षे सर्व धर्मांचा निकट अभ्यास केल्यानंतर बुद्धाचा धम्म सर्वश्रेष्ठ आहे, आणि विज्ञान जाणणाऱ्या आधुनिक माणसास धर्म हवाच असेल तर तो हाच असू शकतो, अशी आपली खात्री झाली असे ते नमूद करतात. हा झाला निष्कर्ष. दुसरा भाग आपण या अभ्यासाकडे कसे वळलो याची कथा सांगतो. वाचकाने तेथे थांबले पाहिजे.

ती कथा घरातील आहे. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी, म्हणून मूर्तिपूजा न मानणारे. तरीही मुलांसाठी घरात गणपती बसवणारे. मुलाला ही विसंगती खटकते. वडील शिस्तीचे कडक. रोज रात्री निजण्यापूर्वी मुलांनी बहिणींना आणि घरी जमणाऱ्या मंडळींना महाभारत-रामायणातील काही भाग वाचून दाखवावा, असा त्यांचा दंडक. पुढे मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून समाजबांधव सत्कार करू पाहतात. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील नको म्हणतात. शेवटी दादा केळुसकरांच्या मध्यस्थीने सभा होते आणि केळुसकर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवतात. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा आहे, तर प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून येतो. अभ्यासकांनी या तफावतीचा विचार जरूर करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतर घडलेले.

पुस्तक वाचून मुलगा भारावतो, पण तेथेच थांबत नाही. तो वडिलांना विचारतो : ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, ते ग्रंथ आम्ही का वाचावेत? वडील पहिल्यांदा त्याला गप्प करतात. काही काळाने तो पुन्हा विचारतो. या वेळी वडिलांनी उत्तराची तयारी केलेली असते. आपण अस्पृश्य असल्याने मुलांच्या मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखी लहान स्थितीतून मोठी झालेली माणसे या ग्रंथांत दिसतात, म्हणून ते वाचावेत, असे ते सांगतात.

प्रस्तावनेचा खरा कस येथे लागतो. बाबासाहेब वडिलांचा युक्तिवाद धुडकावून लावीत नाहीत. त्यात काही तथ्य आहे, हे ते मान्य करतात. एका पित्याने आपल्या मुलांना अपमानापासून वाचविण्यासाठी परक्या ग्रंथांतून काढलेला हा आधार होता. त्यातील माया त्यांनी ओळखली आहे. तरीही मुलाचे समाधान होत नाही. भीष्म-द्रोणांच्या बोलण्यात आणि वागण्यात मेळ नाही, कृष्ण कपटाचा आश्रय घेतो, शूर्पणखा, वाली आणि सीता यांच्याशी रामाचे वर्तन न्यायाचे नाही, असे तो स्पष्ट सांगतो. वडील निरुत्तर होतात. मुलाने बंड केले आहे, हे त्यांना कळून चुकते.

या कथनाची तीन वैशिष्ट्ये आम्हांस दिसतात. पहिले असे की, यात साक्षात्कार नाही. आहे तो प्रश्न, दोनदा विचारलेला, आणि उत्तर ऐकून घेऊन तपासलेला. दुसरे असे की, मुलगा बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेला नाही, हे बाबासाहेब आवर्जून नोंदवतात. आधीचे वाचन पदरी असल्याने त्याला प्रत्येक ठिकाणी तुलना करता आली. ज्या महाभारत-रामायणाच्या वाचनाची त्याच्यावर सक्ती झाली, तेच त्याच्या चिकित्सेचे साधन ठरले.

तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. या प्रस्तावनेत गोरेगावचा प्रवास नाही, बडोद्याची पारशी वसतिगृहातील विटंबना नाही. हे प्रसंग बाबासाहेबांनी विसरले होते असे नव्हे; ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत त्यांनी ते सविस्तर लिहून ठेवले आहेत. पण ‘बौद्ध धम्माकडे का वळलो’ या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांनी ते पुढे केले नाहीत. आपणांस किती छळले गेले हे सांगण्याऐवजी कोणत्या आचरणास आदर्श मानता येत नाही हे ते सांगतात. दुःख सांगणे वेगळे आणि कारण देणे वेगळे, हा विवेक त्यामागे आहे. अपमानाने माणूस एखाद्या घरातून बाहेर पडतो. परंतु कोणत्या घरात जावे हे अपमान सांगत नाही, ते सांगते विवेकबुद्धी. येथे बाबासाहेबांचे वैयक्तिक कारण नैतिक निर्णयाच्या स्वरूपाचे आहे.

असे असले तरी ही प्रस्तावना संपूर्ण उत्तर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती त्रोटक आहे. पहिल्या पुस्तकापासून येवल्याच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या घोषणेपर्यंतची दीर्घ वर्षे तीत जवळजवळ येतच नाहीत. शीख, ख्रिस्ती व इस्लाम या पर्यायांचा त्यांनी केलेला विचारही तीत नाही. ही पोकळी अन्य लेखनाने भरावी लागते.

राजा कौरव्याचा प्रश्न

त्या अन्य लेखनापैकी मुंबई इलाखा महार परिषदेत ३१ मे १९३६ रोजी झालेले ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण या विषयासाठी मोलाचे आहे. त्यात बाबासाहेबांनी स्वतःचे कारण आणि श्रोत्यांचे कारण यांत स्पष्ट भेद केला. अस्पृश्य राहूनही आपणांस मिळू शकणार नाही असे फारसे काही नाही. आपल्या धर्मांतराच्या मुळाशी आध्यात्मिक भावनेवाचून दुसरे काही नाही. हा धर्म आपल्या बुद्धीस आणि स्वाभिमानास पटत नाही, असे त्यांनी सांगितले. श्रोत्यांना मात्र आध्यात्मिक आणि ऐहिक अशा दोन्ही कारणांनी धर्मांतर आवश्यक आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. ऐहिक कारण लपवावे असे त्यांना वाटले नाही, आणि आध्यात्मिक कारण ही केवळ सुखवस्तू माणसांची मिरासदारी आहे असेही त्यांनी मानले नाही.

मज्झिम निकायातील रट्ठपाल सुत्ताची येथे आठवण होते. कुरू देशातील थुल्लकोट्ठित या नगरातील संपन्न घरचा रट्ठपाल माता-पित्यांची संमती मिळेपर्यंत अन्नत्याग करून भूमीवर पडून राहिला आणि अखेर भिक्खू झाला. पुढे राजा कौरव्य त्याला विचारतो : माणसे वार्धक्याने, रोगाने, संपत्ती गेल्याने किंवा आप्तेष्ट गेल्याने घर सोडतात, तुझ्या बाबतीत यांतील एकही हानी झालेली नाही, मग तू का निघालास? रट्ठपाल उत्तर देतो की, जग अस्थिर आहे, त्यात आश्रय नाही, त्यात स्वतःचे म्हणावे असे काही नाही, आणि ते तृष्णेचे दास आहे. ही चार तत्त्वे भगवंतांकडून ऐकून, जाणून व पाहून मी निघालो.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाचा प्रश्न आणि आजच्या टीकाकाराचा प्रश्न यांत फारसे अंतर नाही. धर्मांतर म्हणजे कोणत्या तरी हानीची भरपाई, ही दोघांची समजूत आहे. हानी झालेली दिसली नाही तर राजा चकित होतो; हानी झालेली दिसली तर टीकाकार म्हणतो, पाहा, हेच कारण, धर्म नव्हे. दोघांच्याही हिशेबात ‘जाणून व पाहून’ निघणाऱ्या माणसास जागा नाही.

लाभासाठी धर्मांतर केले या आरोपाचे उत्तर तर इतिहासानेच दिले आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्र शासनाच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. म्हणजे १९५६ साली दीक्षा घेणाऱ्याने हाती असलेले सोडून दिले आणि त्याच्या मुलाबाळांनी चौतीस वर्षे त्याची किंमत मोजली. तरीही १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात जेमतेम अडीच हजार असलेली बौद्धांची संख्या १९६१ साली सुमारे २८ लाखांवर गेली. आजही या वाटेवर अडथळे आहेतच. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात शासनाने परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाणाऱ्यास २००३ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले.

आमच्या साहित्यातील ‘मी’

येथवर आम्ही इतरांच्या आक्षेपांस उत्तर दिले. आता आमच्याच साहित्याकडे पाहणे प्राप्त आहे, कारण हाच निकष आपणांस लावल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाचे शीर्षकच अनेकवचनी आहे. पोतराज, अंगात येणे, सुनांचा छळ यांनी ग्रासलेल्या जीवनात बाबासाहेबांचा विचार कसा शिरला हे त्यांनी जितक्या धीटपणे मांडले तितके क्वचितच कोणी मांडले असेल. वसंत मून यांच्या ‘वस्ती’त नागपूरची एक अख्खी वस्ती नायक आहे आणि दीक्षा ही त्या वस्तीच्या घडणीची परिणती आहे. या ‘आम्ही’मध्ये व्यक्ती हरवली असे म्हणणे वाचनाचा आळस दर्शविते. ज्यांना एकत्रच वेशीबाहेर ठेवले गेले त्यांनी आपली कथा एकत्र सांगावी, हे स्वाभाविकच आहे.

परंतु आमच्या नियतकालिकांतून, स्मरणिकांतून आणि सभांतून दीक्षेच्या ज्या आठवणी वर्षानुवर्षे छापल्या व सांगितल्या जातात, त्यांतील पुष्कळशा घटनेच्या आठवणी आहेत, कारणाच्या नव्हेत. नागपूरला कसे पोहोचलो, पांढरी वस्त्रे कोठून आणली, गर्दी किती होती, बाबासाहेब दुरून कसे दिसले, हे सारे त्यांत असते. हे मौल्यवान आहेच. मात्र ‘तुम्ही स्वतः धम्म का स्वीकारलात?’ या प्रश्नापाशी आले की उत्तर एका वाक्यात संपते : बाबासाहेबांनी सांगितले म्हणून.

या उत्तरामागील कृतज्ञता आम्ही जाणतो. ज्याने माणूसपण मिळवून दिले त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे यात गैर काहीच नाही. पण केसपुत्त येथे कालामांना उपदेश करताना भगवंतांनी ज्या दहा आधारांवर विसंबू नये असे सांगितले, त्यांत परंपरा आहे, ग्रंथ आहे, तर्क आहे, आणि सर्वांत शेवटी ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ हाही आधार आहे. ‘मुक्ती कोन पथे?’च्या शेवटी बाबासाहेबांनी भगवंतांनी आनंदाला केलेल्या अंतिम उपदेशाचेच स्मरण करून दिले होते आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्यास लोकांना सांगितले होते. अनुयायांकडून त्यांनी मागितलेली गोष्ट होती विचार. तो विचार पुष्कळांनी केलाही होता. ज्याने घरातील देव बाहेर काढले, नवससायास थांबवले, मेलेले जनावर ओढण्यास नकार देऊन गावाचा रोष पत्करला, त्याने विचार केला नव्हता असे कोण म्हणेल? उणीव विचाराची नव्हती, तो लिहून ठेवण्याची होती.

याचा सर्वांत भक्कम पुरावा बावीस प्रतिज्ञांच्या भाषेत आहे. दीक्षाभूमीवर लाखो कंठांतून एकाच वेळी त्या उच्चारल्या गेल्या, परंतु त्यांचा कर्ता एकवचनी आहे. ‘मी’ हे मानणार नाही, ‘मी’ हे करीन, अशीच त्यांची रचना आहे. ‘आम्ही’ म्हणणे किती सोपे होते! बाबासाहेबांनी ते केले नाही. समूहाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी स्वतःच्या नावाने बोलावयास लावले. जे लोक म्हणतात की त्या दिवशी व्यक्ती नव्हती, केवळ जमाव होता, त्यांनी त्या प्रतिज्ञांचे व्याकरण तरी तपासावे. आणि आम्हीही तपासावे, कारण तो ‘मी’ आमच्या हाती दिलेली जबाबदारी आहे.

काय करावे

१९५६ साली जो विशीत होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. काही वर्षांनी प्रत्यक्ष दीक्षा घेतलेला माणूस विचारावयास उरणार नाही. म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील वृद्ध उपासक-उपासिकांकडे जाऊन त्यांचे निवेदन उतरवून घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. विशेषतः उपासिकांचे, कारण घरातील देव्हारा, उपास आणि सण यांचा व्यवहार बहुतांशी त्यांच्याच हाती होता, आणि तो मोडण्याचा निर्णयही पुष्कळदा त्यांनाच अमलात आणावा लागला. विचारताना ‘दीक्षा कशी घेतली’ एवढ्यावर थांबू नये. आधी कोणत्या देवावर श्रद्धा होती, ती कधी डळमळली, कोणाशी वाद झाला, काय सोडताना जड गेले, काय पटले आणि काय अजून पटलेले नाही, हे विचारावे. उत्तर बोलीभाषेत आले तर तसेच लिहावे. सुसंगत करण्याच्या नादात त्यातील शंका पुसून टाकू नयेत. मुलाच्या प्रश्नास वडिलांनी दिलेले उत्तरही बाबासाहेबांनी पुसले नाही, हे ध्यानात ठेवावे.

जे बौद्ध घरातच जन्मले त्यांच्यासाठी प्रश्न अधिक अवघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत. त्यांतील बहुतेकांना धम्म वारशाने मिळालेला आहे. आजोबांची जमीन वारशाने मिळते, आजोबांचे कारण मिळत नाही. सुभेदार रामजींच्या घरात जसा एका मुलाने आपणांस वाचावयास दिलेल्या ग्रंथांविषयी प्रश्न विचारला, तसा प्रश्न उद्या आमच्या घरातील मुलगी विचारील : आपण बौद्ध का आहोत? त्या वेळी ‘गप्प बस, सांगितले ते कर’ हे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाही. एहिपस्सिको म्हणून ज्याचे वर्णन केले जाते, तो धम्म ये आणि पाहा असे सांगतो. पाहून काय दिसले, हे मात्र ज्याचे त्याने सांगावयाचे असते.